पुसलेली ओळख : ‘नेव्हर फेड’च्या वाचनाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

आमच्या वाचनालयातील कुमार गटासाठी एका इंग्रजी किशोर कादंबरीचे चर्चाटिपण तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. गटातील मुले नववी ते बारावीतील आहेत. त्यांतील बहुतेकांनी अमेरिकन लेखिका अलेक्झांड्रा ब्रॅकन यांच्या मालिकेचा पहिला भाग, ‘द डार्केस्ट माइंड्स’, आधीच वाचला आहे, आणि पुढचे सत्र दुसऱ्या भागावर, म्हणजे ‘नेव्हर फेड’वर, घ्यावे हा आग्रह त्यांचाच आहे. पहिला भाग डिसेंबर २०१२ मध्ये, दुसरा ऑक्टोबर २०१३ मध्ये आणि तिसरा ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन भागांमध्ये जेमतेम दहा महिन्यांचे अंतर आहे, त्यामुळे दुसरा भाग वाचणाऱ्या मूळ वाचकांच्या मनात पहिला भाग ताजा होता, हे टिपण लिहिताना विसरून चालणार नाही.

अशा पुस्तकांविषयी मोठ्या माणसांकडून एक मत नेहमी ऐकू येते : अतिमानवी शक्ती आणि हेरगिरी ही वरची सजावट, आत मात्र नेहमीचेच प्रेमप्रकरण. मला हे मत तपासून पाहायचे आहे. पहिला भाग वाचतानाच असे वाटले होते की या मालिकेत शक्ती आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा अधिकार कोणाला आणि कधी असतो. दुसरा भाग या प्रश्नाचा भार पेलतो का, हे पाहणे हे या कामाचे मुख्य सूत्र राहील.

११ जून

पहिल्या भागातून पुढे आलेल्या गोष्टींची उजळणी पूर्ण केली. एका आजाराने अमेरिकेतील बहुसंख्य मुले मरण पावली आहेत आणि जी वाचली त्यांच्यात विलक्षण शक्ती आल्या आहेत. सरकार त्यांची रंगांनुसार विभागणी करते : हिरव्या गटातील मुलांची बुद्धी असामान्य तल्लख असते, निळ्या गटातील मुले हात न लावता वस्तू हलवतात, पिवळ्या गटाची मुले विजेवर ताबा ठेवतात, नारिंगी गटातील मुले इतरांच्या मनात शिरतात आणि लाल गटाच्या मुलांच्या हाती आग असते. या मुलांना ‘पुनर्वसन’ या नावाखाली छावण्यांमध्ये डांबले जाते. नायिका रूबी नारिंगी गटातील आहे, परंतु वेस्ट व्हर्जिनियातील थर्मंड छावणीत ती हिरव्या गटातील असल्याचे भासवून सहा वर्षे काढते.

छावण्यांचा हा भाग चर्चेत घेताना मुलांना एक खरा संदर्भ द्यावा असे ठरवले आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांमध्ये ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते आणि त्यांत शाळकरी मुलेही होती. अमेरिकन सरकारने त्याबद्दल अधिकृत माफी मागितली ती १९८८ साली. पहिल्या भागातील सुझुमे ही अबोल मुलगी जपानी-अमेरिकन कुटुंबातील आहे, हे ध्यानात घेतले की छावणी ही केवळ भविष्यकाळाची कल्पना उरत नाही. त्या देशाच्या स्मरणातली ती जुनी जखम आहे.

उजळणीतून निघालेली सर्वांत महत्त्वाची बाब मात्र वेगळीच आहे. रूबीने पहिल्या भागात तीन वेळा जवळच्या माणसांच्या मनातून स्वतःला पुसून टाकले आहे. दहाव्या वाढदिवसाच्या सुमारास आईवडिलांच्या मनातून, पुढे छावणीत सॅम या मैत्रिणीच्या मनातून, आणि शेवटी जिच्यासाठी सगळे सोसले त्या प्रेमाच्या माणसाच्या, लिअमच्या, मनातून. पहिल्या दोन वेळा ते नकळत घडले. तिसऱ्या वेळी तिने ते समजूनउमजून केले. चिल्ड्रन्स लीग या सशस्त्र संघटनेने लिअमला मोकळे सोडावे म्हणून ती स्वतः लीगमध्ये राहायला तयार होते, आणि तो आपल्यासाठी मागे थांबू नये म्हणून त्याची आठवणच काढून घेते. तीच शक्ती, तेच कृत्य, पण तिसऱ्या वेळी त्याला हेतू आहे. दुसरा भाग इथून सुरू होतो.

१५ जून

पहिला मोठा टप्पा वाचून झाला. रूबी आता लॉस एंजेलिसमध्ये, जमिनीखाली वसवलेल्या लीगच्या मुख्यालयात राहते. तिला शस्त्रे चालवण्याचे आणि झुंजण्याचे शिक्षण मिळाले आहे, तिच्या हाताखाली एक पथक आहे : निळ्या गटातील तापट व्हिडा, पिवळ्या गटातील बडबड्या ज्यूड आणि हिरव्या गटातील अबोल निको. तिला मोहिमांवर पाठवले जाते आणि पकडून आणलेल्या माणसांच्या मनातली माहिती बाहेर काढण्याचे काम तिच्याकडून करून घेतले जाते. छावणीतून सुटलेली मुलगी अशा रीतीने दुसऱ्या एका संस्थेची मालमत्ता होते. ही संस्था मुलांच्या मुक्तीची भाषा बोलते, म्हणून तिच्यातली सक्ती ओळखायला वेळ लागतो. या ठिकाणी लेखिकेने संयम राखला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटला. लीगमधील सगळेच लोक दुष्ट नाहीत. केट ही रूबीची पालक अधिकारी मनापासून मुलांचे भले चिंतते. संस्थापक अल्बनला स्वतःच्या ध्येयावर विश्वास आहे. तरीसुद्धा सकाळी उठून बंदूक हाती घेणारे अनेक हात शाळकरी मुलांचे आहेत, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

‘किशोरवयीन एजंट’ ही कल्पना या वाङ्मयप्रकारात इतकी रुळली आहे की वाचक तिच्यापाशी थबकत नाही. आपल्या गटाने थबकावे असे मला वाटते. म्हणून टिपणात आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक परिच्छेद घेतला आहे. बालहक्क करारासोबतचा, सशस्त्र संघर्षातील मुलांच्या सहभागासंबंधीचा ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मे २००० मध्ये स्वीकारला आणि तो फेब्रुवारी २००२ मध्ये अमलात आला. देशाच्या सैन्याबाहेरील सशस्त्र गटांनी अठरा वर्षांखालील कोणालाही कोणत्याही परिस्थितीत भरती करू नये किंवा लढाईत वापरू नये, असे त्याचे चौथे कलम सांगते. मूळ बालहक्क कराराला मान्यता न देणाऱ्या अमेरिकेने हा पूरक करार मात्र २००२ सालीच मान्य केला. सशस्त्र गटांशी जोडल्या गेलेल्या मुलांविषयीच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी त्यापुढे जाऊन स्पष्ट केले की केवळ बंदूक चालवणारेच नव्हे, तर स्वयंपाकी, हमाल, निरोपे आणि हेर म्हणून वापरली जाणारी मुलेही याच व्याख्येत येतात. कादंबरीतील लीग हा नेमका असा गट आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर रूबी कोणत्याही मोहिमेची नायिका होण्यापूर्वी वापरले गेलेले एक मूल आहे, आणि ती स्वतःहून आत आली, हा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

मुलांना हा परिच्छेद जड जाईल का, अशी शंका सहकारी वाचकांनी व्यक्त केली. मला तसे वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला आपल्या वयाच्या माणसाविषयी कायदा काय म्हणतो, हे जाणून घेण्याची उत्सुकता असतेच.

१८ जून

आज वाचन थोडेच झाले. या प्रकाराची पूर्वपीठिका मात्र लिहून काढली. शक्ती लाभलेली किशोरवयीन मुले, त्यांना शिकवणारी संस्था आणि त्यांना भिणारा समाज हा त्रिकोण अमेरिकन चित्रकथांनी १९६३ पासून, ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकापासून, वाचकांच्या अंगवळणी पाडला आहे. प्रत्यक्षातही मनःशक्तीने हेरगिरी करता येते का, हे पाहण्यासाठी अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी १९७० च्या दशकापासून पैसा खर्च केला. पुढे ‘स्टारगेट’ या नावाने ओळखला गेलेला तो कार्यक्रम उपयोगी माहिती देत नसल्याचे मूल्यमापन झाल्यावर १९९५ साली बंद झाला. टिपणात याला दोन ओळींहून जास्त जागा देणार नाही.

२२ जून

कादंबरीचा गाभा आज हाती लागला, म्हणून ही नोंद लांबणार आहे.

एका मोहिमेत रूबी ज्या कैदी एजंटला सोडवते तो कोल, लिअमचा थोरला भाऊ. आजाराच्या कारणाविषयीची माहिती त्याने एका फ्लॅश ड्राइव्हमध्ये घेतली होती, ती कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती, आणि तो कोट घाईघाईत लिअम घेऊन गेला आहे. लीगमधल्या चुकीच्या माणसांच्या आधी त्याला गाठायचे तर रूबीनेच जायला हवे. ज्याला सुरक्षित ठेवण्यासाठी स्वतःला त्याच्या आयुष्यातून वजा केले त्यालाच आता शोधायचे आहे, आणि तो सापडला तरी तो तिला ओळखणार नाही. दुसऱ्या भागाच्या रचनेसाठी इतका कसदार पेच क्वचितच पाहायला मिळतो. एरवी अशा मालिकांच्या मधल्या भागात प्रेमिकांना दूर ठेवण्यासाठी एखादा गैरसमज किंवा तिसरे माणूस आणले जाते. इथे दुराव्याचे कारण नायिकेचे स्वतःचे कृत्य आहे, आणि ते प्रेमापोटी केलेले आहे.

नॅशव्हिलजवळ लिअम सापडतो तेव्हा तो न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला आहे. रूबी त्याची शुश्रूषा करते, त्याच्यासाठी औषध मिळवायला जिवावर उदार होते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला समोर दिसते ती लीगची एक अनोळखी हस्तक. लीगमधून तो स्वतः एकदा पळून आलेला आहे, त्यामुळे त्याचा संशय रास्तच आहे. त्यांच्यातील संवाद मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे रूबीला एक जुने वाक्य ऐकू येते आणि ते त्याला ऐकू येत नाही. कथा रूबीच्या तोंडून प्रथमपुरुषी सांगितली जात असल्यामुळे वाचकालाही ते जुने वाक्य ठाऊक असते. परिणामी वाचक रूबीच्या बाजूने दुःखी होतो आणि त्याच वेळी लिअमपासून काहीतरी लपवण्यात तिचा साथीदारही होतो. ही अस्वस्थता लेखिकेने मुद्दाम जागती ठेवली आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

लिअमला रूबी आठवत नाही, तरीही तो तिच्याकडे ओढला जातो आणि त्या ओढीचे कारण न सापडल्याने चिडतो. हे केवळ प्रेमकथेचे लाड आहेत, असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून स्मृतिविषयक संशोधनाकडे वळले. जिनिव्हातील डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीचे निरीक्षण नोंदवले आहे. ती रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ओळखत नसे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या भेटीत तिला तो प्रसंग आठवत नव्हता, तरी तिने हात मागे घेतला. तसेच, १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या हेन्री मोलेसन यांना ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम दिले होते. आपण हे पूर्वी केले आहे याची त्यांना आठवण नसे, पण हात दर दिवशी अधिक सराईत होत गेला. प्रसंगाची आठवण एका ठिकाणी राहते आणि भीती, सवय, कौशल्य यांची नोंद दुसऱ्या ठिकाणी, हे आज सर्वमान्य आहे. या माहितीने कादंबरीतील शक्ती शास्त्रीय ठरत नाही आणि ठरण्याची गरजही नाही. पण लिअमच्या वागण्याला एक आधार मिळतो : रूबीने प्रसंग पुसले, त्या प्रसंगांनी त्याच्यात केलेला बदल तिला पुसता आला नाही.

याच ठिकाणी माझे सूत्र अधिक टोकदार होते. रूबीने लिअमचे रक्षण केले, हे खरे. पण त्याच्या आयुष्यातील जे आठवडे तिने काढून घेतले ते तिच्या एकटीचे नव्हते. त्या आठवड्यांत त्याने घेतलेले निर्णय, त्याने केलेले प्रेम, त्याने पत्करलेला धोका, हे सगळे त्याचे होते. ‘तुझ्या भल्यासाठी’ या शब्दांनी छावणीने मुलांना कोंडले, लीगने हाती बंदुका दिल्या, आणि रूबीनेही नेमके त्याच शब्दांच्या आधारे लिअमचे मन हाताळले. नायिकेला तिच्या शत्रूंच्या शेजारी इतके जवळ उभे करण्याचे धैर्य या भागात आहे, आणि म्हणून मी त्याला पहिल्या भागापेक्षा वरचे स्थान देते.

२४ जून

सहकथानकांविषयी थोडक्यात. पहिल्या भागाच्या शेवटी गोळी लागलेला लिअमचा मित्र चब्स आता मुलांना पकडून देणाऱ्या शिकाऱ्याचे सोंग घेऊन फिरतो आहे. त्याची आणि व्हिडाची सततची खडाजंगी कथेला मोकळा श्वास घेऊ देते. रूबीने लिअमच्या बाबतीत काय केले हे चब्सला ठाऊक असल्यामुळे तिला एक साक्षीदारही मिळतो. नॅशव्हिलमधील टोळीचा भाग मला लांबलेला वाटला. तिथला नॉक्स हा म्होरक्या क्रूर आहे एवढे कळल्यावर त्याची क्रूरता पुन्हा पुन्हा दाखवण्याने नवे काही हाती येत नाही.

२९ जून

क्लॅन्सी ग्रे पुन्हा कथेत आला. तो राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि रूबीसारखाच नारिंगी गटातील. पहिल्या भागात त्याने शिकवण्याच्या बहाण्याने रूबीच्या मनात प्रवेश मिळवला आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिच्यावर ताबा मिळवला होता. तो प्रसंग सत्रात कसा हाताळायचा, याचा विचार बरेच दिवस चालू होता. आज निर्णय घेतला आहे की त्याला संमतीच्या उल्लंघनाचा प्रसंग असेच म्हणायचे, कारण तो तसाच लिहिलेला आहे. शक्तीच्या रूपकाचा इथे एक फायदा होतो. मुलांना आपल्या अनुभवाविषयी उघड बोलणे भाग न पडता ‘नाही म्हणणे’ म्हणजे काय, आणि नाही म्हणण्याची क्षमताच काढून घेतली तर काय उरते, यावर बोलता येते.

क्लॅन्सी रूबीला वारंवार सांगतो की आपण दोघे एकाच जातकुळीचे आहोत आणि बाकीचे आपल्याला कधी समजून घेणार नाहीत. त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते धोकादायक आहे. दोघांतला फरक शक्तीत नसून तिच्या वापरानंतर काय वाटते यात आहे. क्लॅन्सीला दुसऱ्याच्या मनात शिरल्यावर विजय वाटतो. रूबीला आपण काहीतरी चोरले असे वाटते. हा फरक पुरेसा आहे का, हा प्रश्न मात्र लेखिका वाचकावर सोपवते. अपराधी वाटणे म्हणजे भरपाई करणे नव्हे, आणि माझ्या मते गटाची खरी चर्चा इथेच रंगेल.

मराठीत या वयासाठी अशी पुस्तके किती कमी आहेत, हेही आज प्रकर्षाने जाणवले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बारा वर्षांच्या वाचकाला साहस भरभरून देतो; त्यानंतर वाचक एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे जातो. मधल्या चार-पाच वर्षांत प्रेम, शरीर, संमती आणि सत्ता यांविषयी पडणारे प्रश्न त्याला दुसऱ्या देशातल्या पुस्तकांत शोधावे लागतात. आमची मुले हे पुस्तक मागतात त्यामागे नाविन्याची हौस जेवढी आहे तेवढीच ही गरजही आहे.

३ जुलै

कादंबरी वाचून पूर्ण झाली. लीगमध्ये बंडाळी होते, अल्बनला बाजूला सारून सत्ता घेऊ पाहणारे एजंट मुलांच्या अंगावर स्फोटके बांधून त्यांना छावण्यांकडे पाठवण्याचा बेत आखतात, आणि १५ जूनच्या नोंदीत कायद्याच्या भाषेत लिहिलेली भीती इथे कथानक होऊन समोर येते. त्यानंतर शहरावर हल्ला होतो आणि भुयारातून बाहेर पडताना ज्यूड मागे राहतो.

ज्यूडच्या मृत्यूविषयी गटातील मुलांना आधी सांगायचे नाही असे ठरले आहे. अल्बनने दिलेले होकायंत्र जिवापाड जपणारा, जो भेटेल त्याच्याशी मैत्री करू पाहणारा हा मुलगा पथकातील एकमेव असा सदस्य होता ज्याने लीगच्या शब्दांवर मनापासून विश्वास ठेवला. रूबीच्या डोळ्यांत तो सुरुवातीला ओझे आहे, मग जबाबदारी, आणि मग धाकटा भाऊ. तिचे लक्ष लिअमला परत मिळवण्यात गुंतलेले असताना ज्या नात्याची तिला किंमत चुकवावी लागते ते दुसरेच निघते. या पुस्तकातील सर्वांत खोल प्रेम रूबी आणि लिअम यांच्यातले नाही, ते रूबी आणि ज्यूड यांच्यातले आहे, असे मी टिपणात ठामपणे लिहिले आहे. मुलांनी त्याला विरोध केला तर आनंदच होईल.

लिअमची हरवलेली आठवण तिसऱ्या भागाच्या आधीच त्याच्याकडे परत येते. वाचकाला हवे असलेले समाधान त्यातून मिळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु माझा आक्षेप नोंदवून ठेवते : आठवण परत आल्यामुळे क्षमेचा प्रश्न जणू आपोआप निकाली निघाल्यासारखा होतो. लिअमने काहीही न आठवता, केवळ रूबीच्या तोंडून सत्य ऐकून, तिच्याविषयी निर्णय घेतला असता तर त्या निर्णयाचे मोल कितीतरी वाढले असते.

६ जुलै

टिपणाला अंतिम रूप दिले. या मालिकेच्या पहिल्या भागावर जेनिफर यू नेल्सन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१८ साली आला आणि पुढच्या भागांवर चित्रपट झाला नाही. त्यामुळे आपल्या मुलांपैकी ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांच्यासाठी कथा लिअमच्या विस्मरणापाशीच थांबलेली आहे. त्यांना टिपणाच्या सुरुवातीला दुसऱ्या भागाचा प्रवेश सुकर करून देणारे एक पान जोडले आहे.

सत्रात मोठ्याने वाचण्यासाठी नॅशव्हिलमधील पहिल्या भेटीचा उतारा निवडला आहे, आणि तो दोनदा वाचायचा आहे : एकदा रूबीला जे ठाऊक आहे ते मनात ठेवून, दुसऱ्यांदा लिअमला जेवढे ठाऊक आहे तेवढेच मनात ठेवून. त्यानंतर एकच प्रश्न ठेवायचा आहे. लिअमचा ताप उतरून तो बोलण्याइतका बरा झाला, त्या दिवशी रूबीने त्याला सगळे सांगायला हवे होते का? गटावर दडपण येऊ नये म्हणून माझे उत्तर टिपणात घातलेले नाही. माझ्या मते तिने सांगायला हवे होते. तो तिचा द्वेष करील, तिला हाकलून देईल, फ्लॅश ड्राइव्ह हाती लागणार नाही, हे सगळे धोके खरे होते. तरीही ती आठवण त्याची होती, आणि ती परत हवी की नको हे ठरवण्यासाठी आपल्याकडून काहीतरी घेतले गेले आहे, एवढे तरी त्याला कळायला हवे होते.